येथून गाडी दिसते

हात्सुएच्या मनातलं तिच्याआधी मला कळलं, कारण साखर मी विकत होतो.

तोचिदाइरासारख्या गावात किराण्याचं एकच दुकान असलं की दुकानदाराला कोणाच्या घरात डोकावावं लागत नाही. घरं आपण होऊन पिशवी घेऊन त्याच्याकडे येतात. कोणाकडे साके, म्हणजे तांदळाची दारू, एकदम जास्त लागायला लागली, कोणाच्या सुनेने लोणची घालायचं सोडून डबाबंद आणायला सुरुवात केली, हे सगळं गल्ल्यामागे बसल्या बसल्या दिसतं. आमच्याकडचं जेवण खारट. चार महिने बर्फाखाली काढणाऱ्या माणसांना मीठच तारतं. साखर म्हणजे सणाला किंवा आजाऱ्याला. आणि एका शरदात बोगद्यापाशी खानावळ चालवणारी हात्सुए दर आठवड्याला साखर न्यायला लागली.

"कोण आजारी पडलंय?" माझ्या बायकोने, मित्सुने, विचारलं.

"मुकादमांना आपलं सूप खारट लागतं."

"तसं म्हणाले?"

"नाही. पण जेवताना पाणी फार पितात."

मित्सुने माझ्याकडे पाहिलं. मी साखर तोलली आणि चिमूटभर वर टाकली. खानावळीत तेव्हा चाळीस माणसं जेवत होती. बाकीचे किती पाणी पितात याची हात्सुएला काही कल्पना नव्हती.

हात्सुएचा नवरा माझा शाळेतला दोस्त. तो गेल्यावर तिच्याकडे राहिलं ते मोठं घर, सासरच्यांची थडगी आणि मला 'भावजी' म्हणण्याची सवय. मूलबाळ नव्हतं. मग डोंगरातून नव्या गाडीचा मार्ग आखला गेला. तोक्योच्या बाजूने निघून डोंगर पोखरत आमच्या बाजूच्या समुद्राकडे जाणारी, वाऱ्याशी शर्यत लावणारी गाडी. बोगदेवाले आले, त्यांना जेवण लागत होतं, आणि हात्सुएकडे खोल्या रिकाम्या होत्या. असा तिचा धंदा सुरू झाला.

हिमेनो मुकादम देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा, दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा. त्याच्या गावात दोनच धंदे, मासे धरणं आणि बोगदे खणणं. समुद्राला भिणारे बोगद्यात जातात, असं तो सांगायचा. बायको वारलेली, मुलगा लग्न होऊन वडिलांच्याच घरात राहत होता. हिमेनो वर्षातून दोनदा त्या घरी जायचा आणि ठरल्या दिवसाआधीच परत यायचा. "नातवंडं झोपू देत नाहीत," म्हणायचा. सुरुंगांच्या धडाक्यात घोरणाऱ्या माणसाची ही तक्रार.

बोगदेवाल्यांचे काही नेम असतात. आत शीळ घालायची नाही. भातावर सूप ओतून खायचं नाही, कारण तसा भात ढासळतो आणि डोंगराला ते दिसतं. आणि बोगदा आरपार होईपर्यंत बाईने आत पाऊल टाकायचं नाही. डोंगराची देवी रूपाने बेताची आणि मनाने मत्सरी, तिला दुसरी बाई खपत नाही. हात्सुए रोज दुपारी डबे घेऊन बोगद्याच्या तोंडापर्यंत जायची आणि कमानीची सावली जमिनीवर जिथे संपते तिथे थांबायची. सावली पुढे सरकली की ती मागे सरकायची.

"जा की एकदा आत," मित्सु तिला चिडवायची. "देवी रागावेल, काम अडेल, आणि तुझे मुकादम आणखी दोन वर्षं राहतील."

"देवीला सांग," हात्सुए म्हणायची, "इथे मत्सर करण्यासारखं काही उरलेलं नाही."

एकदा खरोखरच काम अडलं. आत पाणी फुटलं आणि सगळा हिवाळा उपसण्यात गेला. माणसं वाचली, यंत्रं बुडाली. तेव्हा आमचे सरपंच कुवाबारा खानावळीत आले आणि हसत हसत, म्हणजे सरपंच हसतात तसं दात दाखवून, म्हणाले, "हात्सुए, तू चुकून आत तर गेली नव्हतीस ना?"

मी मागच्या दाराशी साकेचं पिंप उतरवत होतो. सगळे जेवायचे थांबले. हात्सुएच्या हातात भाताचा डाव होता, तो तसाच राहिला. हिमेनोने वाडगा खाली ठेवला.

"मालकीणबाईंनी सावलीसुद्धा कधी ओलांडलेली नाही," तो म्हणाला. "मी रोज बघतो."

कुवाबारांना तो तोडीस तोड जबाब वाटला असावा. मला त्यातलं 'रोज' ऐकू आलं. हात्सुएलाही आलं, कारण तिने त्या दिवशी त्याला दोनदा भात वाढला आणि मला पिंपाची पोच द्यायला विसरली.

पुढे सगळं गाव बोगदा लवकर फुटावा म्हणून देवळात घंटा वाजवत होतं. पोरीबाळींना आरपारच्या दगडाची घाई होती. दोन बाजूंनी खणत आलेली माणसं जिथे भेटतात, तिथल्या शेवटच्या भिंतीचा दगड जवळ ठेवला की बाळंतपण सुखरूप होतं, अशी जुनी समजूत. गावात तेव्हा तिघी जणी पोटुशी होत्या. कुवाबारांना घाई होती ती भाषणाची. घाई नव्हती ती एकट्या हात्सुएला, आणि ती घंटा सगळ्यात हळू वाजवायची.

बोगदा आरपार झाला त्या दिवशी बायकांना पहिल्यांदा आत नेलं. भिंतीला भोक पडलं तेव्हा आधी माणूस आला नाही, वारा आला. डोंगराच्या पलीकडचा, वेगळ्या वासाचा वारा. मग पलीकडचे लोक आले, हात मिळाले, साकेच्या पिंपाचं झाकण फोडलं गेलं. हात्सुए डोक्याचा रुमाल धरून उभी होती.

"कसं वाटतंय, वहिनी?" मी विचारलं.

"गार आहे," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

दगड छोट्या रेशमी पिशव्यांतून वाटले गेले. हात्सुएला पिशवी मिळाली नाही. संध्याकाळी हिमेनो हातगाडीवर एक दगड घालून तिच्या मागच्या अंगणात आला. चांगला कलिंगडाएवढा, बुडाशी सपाट.

"तुमच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड हलका पडतो म्हणत होतात," तो म्हणाला. "हा त्याच भिंतीतला आहे. पोरींचं बाळंतपण सुखरूप, तुमचं लोणचं सुखरूप."

पूर्वी कधीतरी ती तसं बोलली होती, तेही मित्सुशी, चुलीपुढे. त्या भिंतीतून सपाट बुडाचा, नेमक्या वजनाचा दगड शोधायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल, ते मी मनात मांडून पाहिलं. भाषण चालू असताना तो कुठेच दिसला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर बोलले का नाहीत. हेच मित्सु मला विचारायची, जसं काही मीच तोंडाला कुलूप लावलं होतं. हिमेनोला वाटत होतं, खाऊनपिऊन सुखी असलेल्या बाईला मी कुठे फरफटत नेऊ, तिने थांबा म्हटलं तर थांबेन. हात्सुएला वाटत होतं, मुलानातवंडांचा माणूस, मी कशी थांबा म्हणू, त्यांनी चला म्हटलं तर जाईन. दोघंही दुसऱ्याची सोय बघत होते. आमच्याकडे याला चांगलं वळण म्हणतात.

जायच्या दिवशी तो बसच्या थांब्यावर उभा होता. मी, मित्सु आणि हात्सुए पोचवायला गेलो होतो. तिने त्याला बांबूच्या पानात बांधलेले लाडू दिले होते, वाटेत पुरून उरतील इतके. थांब्यावरून बोगद्याचं तोंड दिसत होतं, आणि शंभरएक पावलांवर पुढच्या बोगद्याचं. मधल्या त्या मोकळ्या पट्टीवर नदीकाठाला हात्सुएचं झाड होतं, काकी नावाच्या तांबूस फळाचं.

"गाडी सुरू झाली की मी बसेन," हिमेनो झाडाकडे बघत म्हणाला. "नदीच्या बाजूच्या खिडकीशी. माझ्या बोगद्यातून बाहेर आलो की टॉवेल हलवेन. तुम्ही झाडाखाली उभ्या राहा."

"शंभर पावलं तर आहेत," हात्सुए म्हणाली. "पापणी लवेल तेवढ्यात जाल."

"टॉवेल पांढरा आहे. दिसेल."

"आणि तुम्हाला मी दिसेन?"

"तुम्ही हलू नका," तो म्हणाला.

बस आली. घरी आल्यावर मित्सु म्हणाली, "असली मागणी मी जन्मात ऐकली नव्हती. आणि असला होकारही."

गाडी सुरू व्हायला पुढे काही वर्षं गेली. हिमेनो उत्तरेकडच्या दुसऱ्या एका बोगद्यावर गेला, मग म्हातारा झाला म्हणून घरी. नव्या वर्षाला त्याचा फोन यायचा. हात्सुएची खानावळ बंद पडली, पण खानावळीच्या दिवसांतला काळा फोन तिने काढू दिला नाही. एक खोलीही तिने झाडून पुसून ठेवली होती. कोणासाठी, असं विचारलं तर म्हणायची, रस्त्याच्या कामाचे लोक येतात कधी कधी. रस्त्याचं काम आमच्याकडे कुठेच नव्हतं. साखर महिन्याला एक पुडा. एकट्या बाईला, आणि खारट खाणाऱ्या, एवढी साखर कशाला, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक आहे.

मुख्य म्हणजे, भातावर सूप ओतून ती अजूनही खात नव्हती.

कुवाबारा मधल्या काळात गावाला स्टेशन मिळवायच्या खटपटीत होते. एवढ्या वेगाची गाडी आमच्यासारख्या गावात थांबली तर तिला वेगाची कोण म्हणेल, हे त्यांना दोन वेळा तोक्योला जाऊन आल्यावर कळलं. तेव्हा त्यांनी गावच्या खर्चाने मोकळ्या पट्टीसमोर, काकीच्या झाडापाशी, एक चांगला लाकडी बाक बसवला आणि पाटी लावली, 'येथून गाडी दिसते'. अक्षर त्यांचं स्वतःचं. उद्घाटनाला आम्ही सगळे त्या बाकावर आळीपाळीने बसलो आणि जी गाडी अजून नव्हती ती पाहिली.

मग तो मोठ्या बर्फाचा हिवाळा आला. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून आम्ही ये-जा करत होतो. बर्फ उतरल्यावर रेल्वेचे लोक आले, त्यांनी मोकळी पट्टी मोजली, आणि उन्हाळ्यात काम सुरू झालं. दोन बोगद्यांच्या मधल्या एवढ्याशा तुकड्यावरचा बर्फ दर वर्षी कोण काढत बसणार? त्यांनी सरळ त्यावर काँक्रीटचं छप्पर घातलं. भिंतीसकट. एका बोगद्याच्या तोंडापासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत अखंड नळी. पायासाठी काकीचं झाड तोडावं लागलं. हात्सुएला रीतसर विचारलं गेलं आणि तिने रीतसर "हरकत नाही" म्हटलं.

गाडी आता आमच्या गावात दिसणारच नव्हती. एका अंधारातून दुसऱ्या अंधारात, मध्ये पापणी लवण्याइतकाही उजेड नाही.

बाक मात्र राहिला. समोर हातभर अंतरावर भिंत आणि वर पाटी. पाटी काढा असं सरपंचांना सांगायची कोणाची छाती झाली नाही, आणि आपण होऊन काढणं त्यांना जमलं नाही. "बर्फ कमी झाला तर छप्पर काढतीलही," ते म्हणाले.

त्याच सुमारास एकदा मी सोया सॉस पोचवायला गेलो तर हात्सुए स्वयंपाकघरात एकटी जेवत होती. भातावर सूप ओतलेलं. मी बाटली ठेवली आणि हवेविषयी बोललो.

शरदात फोन आला. हात्सुए तशीच दुकानात आली, पायात घरातल्या सपाता.

"तिकीट काढलंय त्यांनी," ती म्हणाली. "गाडी सुरू होतेय त्या आठवड्यातलं. दुपारच्या गाडीचं. तोक्योहून समुद्रापर्यंत जाणार आणि दुसऱ्या दिवशी परत."

दक्षिणेच्या किनाऱ्यावरून तोक्यो म्हणजे अर्धा देश. तिथून पुढे आमच्यापर्यंत आणखी एवढं. पापणी लवण्यासाठी.

"छपराचं सांगितलंस?" मित्सुने विचारलं.

हात्सुएने गल्ल्यावरच्या बरण्या एका ओळीत लावल्या. "नाही."

"का?"

"छप्पर घातलंय, दिसणार नाही, असं म्हटलं तर ते काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, मग काय करू. मग मला म्हणावं लागेल, पुढच्या स्टेशनावर उतरा."

"मग म्हण."

"मग ते विचारतील, उतरून कुठे जाऊ."

"माझ्याकडे या, म्हणायचं."

"एवढं तोंडाने?" हात्सुए म्हणाली. ती खरंच दचकली होती.

मित्सुने फडका आपटला. "बाई गं, दोन्ही बाजूंनी कितीही खणलं तरी शेवटची भिंत कोणीतरी फोडावीच लागते. तुझा मुकादम चाळीस वर्षं हेच करत आला, त्याला तेवढं कळेल."

"मग त्यांनीच फोडावी."

"अगं, त्याला ठाऊकच नाही तिथे भिंत आहे."

याबद्दल माझं मत वेगळं होतं. बोगदेवाले देशभर विखुरलेले असले तरी ते एकच गाव असतं. कुठे पाणी फुटलं, कुठे छप्पर पडलं, कुठे छप्पर घातलं, हे त्यांना वर्तमानपत्राआधी कळतं. आपल्या हाताने खणलेल्या बोगद्याचं तोंड बुजवलं, ही बातमी हिमेनोला कोणी दिली नसेल? मला ते पटत नव्हतं.

आणि माझं मत पुढच्याच आठवड्यात वजनाला उतरलं. लोणची घालायचे दिवस होते. मी आणि मित्सु हात्सुएच्या स्वयंपाकघरात पालेभाजी धुऊन पिंपात रचत होतो. फोन वाजला. हिमेनोला ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे तो ओरडून बोलायचा आणि सगळ्या घराला ऐकू यायचं.

"मालकीणबाई, पुढच्या आठवड्यात. लक्षात आहे ना?"

"आहे की."

"तिकडे सगळं आहे तसंच आहे ना?"

मित्सुने पिंपातून हात बाहेर काढले. हात्सुए भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"म्हणजे?" तिने विचारलं.

"नाही, म्हटलं, मधे बरीच वर्षं गेली. ती मोकळी जागा, ते झाड. काही बदललं असलं तर सांगा. त्याप्रमाणे मला... त्याप्रमाणे बघता येईल काहीतरी."

मला तिथेच वाटलं, की एवढा दूरचा माणूस एवढा जवळ पुन्हा येणार नाही. पलीकडून त्याने भिंतीवर टकटक केली होती. मित्सु दोन्ही हातांनी डोक्यावर छप्पर करून दाखवत होती, मग बोट जमिनीकडे, इथे, इथे. पाण्याचे थेंब तिच्या कोपरावरून गळत होते. हात्सुएने तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले.

"सगळं आहे तसंच आहे," ती म्हणाली.

 मग हिमेनो म्हणाला, "बरं. मग बरं झालं," आणि ते पहिल्यांदाच हळू म्हणाला.

हात्सुएने फोन ठेवला आणि पिंपावर दगड चढवायला मला हाक मारली. तो दगड दोघांनी मिळूनच उचलावा लागतो. मित्सु त्या दिवशी चहा न घेता घरी गेली.

गाडीच्या दिवशी आख्खं गाव खालच्या शहरातल्या स्टेशनावर गेलं होतं, तिथे बँड होता. कुवाबारा तर टोपी घालून गेले होते. मी दुकान उघडं ठेवून बसलो, पण घेणार कोण? दुपारी दार लोटून वर गेलो. हात्सुए बाकावर बसली होती. निळ्या कापडाचा चांगला किमोनो, केस नीट बांधलेले. बाजूला काकीच्या झाडाचं खोड, पावसाने काळं पडलेलं. समोर भिंत.

"बसू का, वहिनी?"

"गावचा बाक आहे, भावजी."

मी बसलो. माणूस भिंतीकडे तोंड करून बसला की थोड्या वेळाने त्याला भिंतीतही बघण्यासारखं सापडतं. काँक्रीटवर फळ्यांचे ठसे होते, लाकडाच्या गाठींसकट. एका ठिकाणी गोगलगाय चढत होती. हात्सुए अजिबात हलत नव्हती. हलू नका म्हटलं होतं त्याने.

मग पायाखाली काहीतरी झालं. आवाजाआधी हवा. डोंगराच्या पोटात कोणीतरी मोठा श्वास घेतल्यासारखी. मग भिंत आतून घुमली, खाली गावातल्या रिकाम्या घरांची कागदी दारं थरथरली, आणि संपलं. गोगलगाय तिथेच होती.

हात्सुए थोडा वेळ बसून राहिली. मग उठून किमोनो मागून झटकला.

"वेग आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी उजेड असतानाच मी तिच्याकडे गेलो. निमित्त होतं, तिने न मागितलेली काडेपेटी. मला माहीत होतं फोन येईल. तिलाही माहीत होतं, तिने सूपसुद्धा चढवलं नव्हतं. आला. पलीकडे स्टेशनाचा गोंगाट असावा, हिमेनो नेहमीपेक्षा जोरात ओरडत होता.

"मालकीणबाई, पाहिलं मी तुम्हाला."

हात्सुएने फोन दोन्ही हातांनी धरला.

"झाडाखाली उभ्या होतात. झाड नुसतं लाल झालेलं, पान एक नाही, सगळी फळं. तुम्ही बघितलं तशाच आहात. म्हणजे होतात तशाच."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून खोड दिसत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. म्हटलं, आता बोलेल. आता म्हणेल, मुकादम, झाड केव्हाच तोडलं. अजून काही गेलेलं नाही, माणूस बसने दीड तासावर उभा आहे, उद्या दुपारपर्यंत त्याला दुसरं काम नाही.

"मीही पाहिलं," हात्सुए म्हणाली. "टॉवेल पाहिला. पांढरा."



"दिसला?" हिमेनोने विचारलं.

"स्वच्छ दिसला. तुम्ही म्हणाला होतात ना, दिसेल."

"हो. म्हणालो होतो."

"प्रवासात खाल्लंत का काही?"

"खाल्लं. सूप घेतलं स्टेशनावर. तुमच्या बाजूचं सूप फार खारट."

"पाणी प्या," हात्सुए म्हणाली.

फोन ठेवून ती चुलीकडे वळली आणि मला काडेपेटीबद्दल काही विचारलं नाही.

घरी जाताना मी हिशेब मांडला. मला त्याशिवाय झोप येत नाही. समजा, हिमेनो गाडीत होता. तर त्याने अंधार पाहिला, आणि अंधारातून टॉवेल कोणाला दिसला नसणार हे त्याला ठाऊक. समजा, तो गाडीत नव्हताच, दम लागला म्हणून, किंवा तिच्या 'आहे तसंच' या उत्तराने हात गळाले म्हणून खालच्या कुठल्यातरी स्टेशनावर बसून राहिला होता. तरी टॉवेल दिसला नसणार हे त्याला ठाऊक. कसंही धरा, ती खोटं बोलली हे त्याला कळलं. आणि तो खोटं बोलला हे तिला कळलं, तिच्या खिडकीतच खोड होतं. म्हणजे दोघांनाही सगळं माहीत, दोघंही बोलले, आणि दोघांनीही दुसऱ्याचं खोटं मान खाली घालून घेतलं, जसं आपण शेजाऱ्याने आणलेला खाऊ घेतो. माझ्या दुकानात असला व्यवहार कधी झाला नाही, त्यामुळे नफा की तोटा हे मला शेवटपर्यंत लावता आलं नाही.

मित्सुला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मूर्ख आहेत दोघं." मग बऱ्याच वेळाने अंथरुणातून म्हणाली, "तुम्ही उद्या तिला साखर जास्त घाला."

जास्त घालायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच दोन पुडे मागितले. आणि पुढे कधीतरी मी गेलो तेव्हा ती जेवत होती. भात एका वाडग्यात, सूप दुसऱ्यात.

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात हात्सुएने दुकानात येऊन मला हाक मारली. हिमेनोचा फोन आला होता, दुपारच्या गाडीने जाणार म्हणून. तो खरंच निघाला होता का, तेवढा चालू शकत होता का, मी विचारलं नाही. मित्सुला गुडघ्याने वर चढवत नव्हतं, तिने मला ढकललं. कुवाबारांची पाटी पावसाने फिकी झाली होती, पण वाचता येत होती.

आम्ही बाकावर बसलो. आधी हवा आली, मग भिंत घुमली. या वेळी हात्सुएने हात वर केला. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत, आणि जरासा हलवला. मग हात मांडीवर ठेवून ती भिंतीकडे बघत राहिली.

"यंदा जरा वाळलेत," ती म्हणाली.

मी भिंतीकडे नीट पाहिलं.

"गाल बसलेत," मी म्हटलं. "पण टॉवेल नवा आहे, वहिनी."

"हो," ती म्हणाली. "नवा दिसतो."